पेल्यावरची तांदळाएवढी बाई

परवा डोंबिवलीच्या नव्या घरी सामान लावताना सूनबाईनं पेंढ्यातून एक पेला काढला, त्याची चिंधी सोडली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला आणि विचारलं, “सासूबाई, हे वाकडेतिकडे पेले ठेवायचे, की बोहारणीला द्यायचे?”

तिचं काही चुकलं नाही. एकाचा कान तिरपा, एकाच्या काठाला टवका, एकावरचा रंग ओघळून पार तळापर्यंत आलेला. कल्याणच्या घरी ते माजघरातल्या फडताळात, सणावाराच्या ताटांच्या मागं होते आणि तिथं त्यांच्या वाटेला कुणी जात नव्हतं. नवं घर आलं की जुन्या वस्तूंची झडती सुरू होते. मी म्हटलं, “आण इकडं,” आणि पुढच्या पेल्याभोवतीची चिंधी सोडायला लागले. चिंधी लुगड्याची, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, तिच्या हिरव्या रंगाचा आता नुसता संशय उरलेला. मी ती नाकाशी नेली. कापराचा वास, जुन्या लाकडाचा वास, आणि त्यांच्या खाली खाडीच्या चिखलाचा खारट वास. सूनबाई म्हणेल, सासूबाईंना भास होतात. होईनात का. या वयात तेवढीच चैन.

वास आला आणि मी ठाण्यात गेले. टेंभी नाक्यापासून जरा आत आमचं कौलारू घर होतं. पुढं ओटी, मागं पडवी, पडवीला लागून विहीर. वाऱ्याची दिशा फिरली की मिठागरांचा वास थेट माजघरात यायचा आणि आजोबा म्हणायचे, “आज भाजीत मीठ कमी घाला, हवेतच आहे.” घरात आजोबा, काका, काकू आणि मी, एवढीच माणसं. आई मला आठवत नाही. मी पाळण्यात असताना ती गेली, मग वडीलही गेले. मला वाढवलं काकूनं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. अगदी लहान असताना मी एकदा तिला “आई” म्हटलं. ती माझी वेणी घालत होती. पेड तसेच हातात धरून म्हणाली, “आईला आई म्हणावं, पोरी. तिचा शब्द तिच्यापाशी राहू दे. मला काकू म्हण, मी तेवढीच धावत येईन.” आणि त्या दिवशी तिनं वेणी जरा जास्तच घट्ट बांधली.

काकू कल्याणची. कल्याण काही काशी-रामेश्वर नव्हे. आगगाडी तेव्हाही होती, सकाळी निघालं तर जेवायला परत घरी. पण काकूला माहेरची वाट बंद होती. तिच्या लग्नात मानपानावरून काही बिनसलं, तिचे वडील काही बोलले, आमचे आजोबा त्याहून मोठ्यानं बोलले, आणि दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. नेमकं काय झालं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. पुढं पुढं त्या दोघा म्हाताऱ्यांनाही ते धड आठवत नसावं, असं मला वाटतं. काकू तरी कुणापाशी बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

ओहोटीच्या पाण्याबरोबर कल्याणचे मचवे खाली ठाण्याला यायचे आणि भरती लागली की तिच्याबरोबर परत वर जायचे. अशाच एका मचव्यातून पेंढ्यानं भरलेल्या टोपल्या घेऊन हरबा कुंभार यायचा. तरुणपणी तो मुंबईला एका साहेबाच्या भट्टीवर राबला होता. तिथं मातीवर काचेसारखी झिलई चढवायला शिकला, आणि झिलईखाली चित्र काढायलाही. परत आल्यावर त्यानं गाडगीमडकी भावांवर सोपवली आणि काफीचे पेले करायला घेतले. आमच्यासारख्यांच्या घरी तेव्हा काफी कोण पीत होतं? ती प्यायची साहेबांनी. ठाण्यात कचेरीचे साहेब, तुरुंगाचे साहेब, रेल्वेचे साहेब. बदली झाली, विलायतेला परत जायची वेळ आली, की त्यांच्या मडमा हरबाचे पेले घेऊन जायच्या. कुणावर दुर्गाडीचा बुरूज, कुणावर शिडाचा मचवा, कुणावर खाडीवरचा आगगाडीचा पूल. जिथं दिवस काढले तिथलं चित्र बरोबर न्यायचं आणि साता समुद्रापलीकडं बसून त्यातून काफी प्यायची. मला हे ऐकून हसू आलं होतं. काकूला नाही आलं. “शहाण्या असतात हो मडमा,” ती म्हणाली.

भट्टीत जे पेले बिघडायचे ते साहेब घेत नसत. भरतीची वाट बघताना हरबा ते आमच्या मागच्या दाराशी आणायचा. पेले गुंडाळायला त्याला जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या लागायच्या. काकू चिंध्या द्यायची, तो एखादा बिघडलेला पेला ठेवून जायचा. काकूला फक्त कल्याणची चित्रं हवी असत. हरबानं एकदा मासुंदा तळ्याचा पेला पुढं केला. छान होता, तळ्याच्या पाण्यात देवळाची सावलीसुद्धा काढली होती.

“हा घे ना गं,” मी म्हटलं.

“इथं तर मी आहेच की,” काकू म्हणाली. “जिथं आपण आहोत तिथलं चित्र कशाला?”

असल्या भांड्यांना घराच्या सोवळ्यात जागा नव्हती. पितळेला चिंच लावली, राखेनं घासलं की झालं. झिलईच्या मातीला शुद्ध कसं करायचं ते शास्त्रात सांगितलेलं नाही. आजोबांनी पहिल्यांदा पेला बघितला तेव्हा त्यांच्या भुवया पगडीला जाऊन टेकल्या.

“हे काय साहेबांचं उष्टं घरात?”

“कुणी तोंड लावलेलं नाही, मामंजी. नुसतं बघायला आहे.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात?”

काकूनं पदर सारखा केला. पेला पडवीत राहिला. त्याच्या शेजारी दुसरा आला, तिसरा आला. जात्याच्या वरच्या फळीवर त्यांची ओळ लागली.

पहाटे काकू दळायला बसली की मी पांघरुणासकट पडवीत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. जात्याची घरघर कानात कमी आणि पाठीच्या कण्यात जास्त ऐकू यायची. ऊन ऊन पिठाचा वास. विहिरीवरच्या चाफ्याचा वास. हळूहळू फळीवर उजेड यायचा आणि एकेक पेला दिसायला लागायचा. काकू स्वतःच रचलेली एक ओवी म्हणायची, रोज तीच:

भरती खाडीला गं, पाणी कल्याणाला जाई
तिथल्या दारात गं, माझी वाट पाही आई

मग ती मला त्या ओळीनं हिंडवून आणायची. “हा धक्का. मचवा इथं लागतो. वर चढलं की हा किल्ला. ह्याचा बुरूज ओघळलाय, पण आम्ही लहानपणी बघायचो तो काही फार सरळ नव्हता. मग हा पिंपळ. खाली वाकून जायचं, फांदी लागते कपाळाला. मग पारनाका. इथं फुटाण्यांचा वास. मग हा काळा तलाव. तलावाच्या कडेनं उजव्या हाताला.” तिथं ती थांबायची. पेल्यांची ओळ ती कुणाला हलवू देत नसे, कारण ती ओळ म्हणजे तिची घरी जायची वाट होती. फळीच्या शेवटाला मात्र एका पेल्याची जागा मोकळी ठेवलेली होती. मी कल्याण पाहिलं नव्हतं, पण फांदी चुकवायला कुठं वाकायचं ते मला पाठ होतं.

आणि माझं लग्न ठरलं ते नेमकं कल्याणात. मी तेव्हा परकरातच होते. आजोबांचं भांडण एका घराशी होतं, गावाशी नव्हतं, त्यामुळं त्यांनी स्थळ मोडलं नाही. लग्न म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. मला गाडीत बसायला मिळणार होतं आणि बुगड्या मिळणार होत्या. आनंद झाला तो काकूला. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुला तिथं वाट विचारावी लागणार नाही.”

पुढच्या ओहोटीला हरबा आला तेव्हा ती पहिल्यांदाच त्याच्याशी मागणं मागून बोलली. “मला एक घर काढून दे. काळ्या तलावाच्या कडेनं उजव्या हाताला. दारात पारिजातक आहे. पायऱ्या दगडी. दुपारच्याला दारात एक बाई वाती वळत बसलेली असते. तीही काढ. हिरवं लुगडं असतं तिचं.”

कुणाचं घर, कोण बाई, ते तिनं सांगितलं नाही. सुनेनं माहेरचं नाव असं परक्यापाशी काढणं आमच्याकडं बसत नव्हतं. हरबानं डोकं खाजवलं.

“तसा मी बी त्या अंगाला फारसा जात नाय, बाय. पण बघून येतो. न बघता काढला का घर कुणाचा बी व्हतो.”

दारात मांडव पडला. मुहूर्तमेढ रोवली. घर गूळ-खोबऱ्याच्या वासानं भरलं. त्याच दिवसांत एका टळटळीत दुपारी एक माणूस आला. धोतराला धूळ, पायांत वहाणा नव्हत्या. ओटीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. काकूनं मला गूळपाणी देऊन पाठवलं. त्यानं तांब्याकडं पाहिलं आणि मान हलवली. आजोबा ओटीवरून खाली उतरून त्याच्याजवळ गेले, हे मी प्रथमच पाहत होते, ते कुणासाठी उतरत नसत. तो माणूस दोन शब्द बोलला आणि गेला. आजोबा मांडवाच्या खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

“कोण होतं गं?” काकूनं विचारलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

“काय माहीत. पाणीसुद्धा नाही घेतलं त्यानं.”

सूप हवेत जरासं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. एवढ्यात दाराशी पाहुण्यांची बैलगाडी आली आणि ती लगबगीनं उठली.

हळदीच्या दिवशी हरबा आला. मागच्या दारी मी, काकू आणि तो. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. त्यानं टोपलीतून पेला काढला आणि दोन्ही हातांनी दिला. “ह्यो बिघडलेला नाय, बाय. तुमच्यासाठी नीट केलाय.” खरंच नीट होता. कान सरळ, झिलई साफ. हरबा चित्र अशा बाजूला काढायचा, की उजव्या हातानं पेला तोंडाशी नेला की ते आपल्याकडं यावं. काकूनं पेला तसा धरला. तलावाची कड, दगडी पायऱ्या, पारिजातक. पारिजातकाखाली पांढरे ठिपकेसुद्धा होते. आणि दारात तांदळाएवढी बाई.

“अगं, तू तर हिरवं सांगितलं होतंस,” मी म्हटलं. “हे तर लाल आहे.”

बाईचं लुगडं लाल होतं. डोक्यावरून घेतलेला पदर कपाळाच्या खाली आलेला होता, हात बोडके. असं लाल आलवण तेव्हा एकच बाई नेसायची, जिचा नवरा गेला ती. गल्लीत दोघीतिघी होत्या तशा. पण हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं नाही, मला आपलं वाटलं की कुंभार रंग विसरला.

काकू पेल्याकडं बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं, “हरबा, भट्टीत हिरव्याचा लाल होतो का रे?”

हरबानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं, माझ्या पिवळ्या हातांकडं पाहिलं. ते दार कुणाचं होतं हे त्याला तेव्हा कळलं असणार.

“व्हतो, बाय,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “धूर कोंडला का मारतो कदी कदी लाल.”

“तसंच झालं असेल. धूर कोंडला असेल.”

तिनं पेला फळीवर मोकळ्या जागेत ठेवला, चित्राची बाजू भिंतीकडं करून. मग हात धुतले आणि मला हळद लावायला आली. तिची बोटं बर्फासारखी गार होती. “गार लागतंय,” मी कुरकुरले. “लागू दे,” ती म्हणाली, “लग्नात उष्णता होते.”

लग्न झालं. काकानं आणि काकूनं कन्यादान केलं. काकूनं विहिणींची थट्टा केली, उखाणा घेतला, पंगतीत आग्रह करून करून वाढलं, व्याह्यांच्या पानात जिलब्यांचा ढीग केला. लोक म्हणाले, पोरीला आई नाही असं वाटलंसुद्धा नाही. त्यातलं खरं मला पुढं कळलं. आमच्याकडं रीत अशी, की मृत्यूची बातमी कानावर आली नाही तोवर सुतक लागत नाही. म्हणून घरात कार्य असलं की बातमी अंगणात थोपवायची. अशी बातमी आणणारा त्या घरचं पाणी घेत नाही; त्या अनवाणी माणसानं आणलेली बातमी आजोबांनी तशीच थोपवली होती. काकूला बापाचं सुतक आलं असतं तर कन्यादानाला ती बसू शकली नसती, मुहूर्त टळला असता, अपशकुन म्हणून सोयरीकही मोडली असती. काकूनं एक शब्द विचारला असता तरी कुणीतरी खरं सांगून टाकलं असतं. तिनं तो विचारला नाही.

काही दिवसांनी मी सासरहून मांडवपरतणीला आले. ती जेवणं झाली की मांडव उतरवतात आणि मग कार्य पुरं झालं असं धरतात. गड्यांनी आंब्याचे टहाळे काढले, कापड सोडलं, बांबू उतरवले. शेवटी मुहूर्तमेढ उपटली. तो खांब जमिनीतून निघाला मात्र, काकू उठली, मागच्या दारानं विहिरीवर गेली, पोहरा ओढला आणि नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. एक पोहरा, मग दुसरा. कुणाचं गेल्याचं कळलं की असं स्नान करतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काका दारातच खिळला. आजोबा पडवीपर्यंत आले.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही, मामंजी,” केसांतून पाणी गळत होतं आणि तिचे दात वाजत होते. “मी काही ऐकलं नाही. माझ्या आईला पाहिलं.”

तिनं फळीकडं बोट दाखवलं. आजोबांनी तो पेला उचलला, वळवला, आणि ज्या वस्तूत बघण्यासारखं काय आहे असं त्यांनी विचारलं होतं तिच्याकडं बघत उभे राहिले. मग ते तिथंच जात्यावर बसले. आजोबांना मी ओटीखाली कुठं बसलेलं पाहिलं नव्हतं.

काकू बापाच्या सुतकाचे तीन दिवस पडवीत वेगळी बसली. चौथ्या दिवशी सकाळी आजोबांनी पगडी घातली आणि म्हणाले, “निघा. पोरीला सासरी सोडायचंच आहे.” गाडी खाडीवरच्या पुलावर आली तेव्हा खाली भरतीचं पाणी कल्याणच्या बाजूला चाललेलं होतं. मुंब्र्याचे डोंगर गेले. दिव्याच्या पुढं दोन्हीकडं नुसती भाताची खाचरं, आणि डोंबिवली म्हणजे तेव्हा चार घरं नि बगळे. काकू खिडकीला कपाळ लावून बसली होती. आजोबा समोरच्या फळीकडं बघत होते, जणू तिच्यावर काही लिहिलेलं आहे.

कल्याणला उतरून टांग्यात बसलो. आजोबांनी टांगेवाल्याला काळ्या तलावाकडं घे म्हणून सांगितलं, तेव्हा काकू हळूच म्हणाली, “मामंजी, आधी धक्क्यावर जाऊ या का?”

“धक्क्यावर? उलटं पडेल.”

“मला तिथूनच वाट येते.”

आजोबांनी टांगा वळवला. धक्का आला. किल्ला आला, बुरूज सरळच होता. पिंपळ आला आणि मी टांग्यात खाली वाकले, फांदी डोक्यावरून गेली. काकूनं माझ्याकडं पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. पारनाक्यावर फुटाण्यांचा वास आला. मग तलाव. मग उजव्या हाताला.

दारात बाई बसली होती. लाल आलवण, पदर कपाळाखाली. समोर कापूस, मांडीवर वाती. हरबानं काही चुकवलं नव्हतं. आजोबा पायरीच्या खाली उभे राहिले. पगडी काढून हातात घेतली.

“विहीणबाई, तुमची लेक आणली आहे.”

“फार उशीर केलात,” ती बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो संपून गेला असावा. मग काकूकडं वळून म्हणाली, “उन्हाची आलीस. पाय धू आधी.”

काकूनं पाय धुतले, उंबऱ्याशी येऊन बसली, आईच्या मांडीवरचा थोडा कापूस घेतला आणि वाती वळायला लागली. दोघी शेजारी शेजारी बसून वाती वळत होत्या. पारिजातकाखाली सकाळची फुलं वाळून पडली होती. मी आजोबांचा हात धरून खाली उभी होते.

त्यानंतर काकूला माहेरची वाट मोकळी झाली. सणाला जायची, आईजवळ राहून यायची. हरबा बिघडलेले पेले आणायचा, पण ती नको म्हणायची. मी वयात आले आणि कायमची सासरी निघाले, त्या दिवशी मात्र तिनं माझ्या ट्रंकेत लुगड्याच्या घड्यांमध्ये एक पेला ठेवला. त्यावर आमचं ठाण्याचं घर होतं. ओटी, ओटीच्या पायऱ्या, कौलांमागून डोकावणारा चाफा. दारात हिरव्या लुगड्यातली तांदळाएवढी बाई, कपाळावर आडवा हात धरून रस्त्याकडं बघणारी.

“तूच म्हणायचीस ना, जिथं आहोत तिथलं चित्र कशाला?” मी रडत रडत तिला चिडवलं.

“तू आता इथं कुठं आहेस?” ती म्हणाली. “आणि हिरवा पक्का आहे, हरबाकडून वदवून घेतलंय.”

मग गाठीच्या तापाची साथ आली. गावं ओस पडली, लोक रानात झोपड्या बांधून राहिले. स्टेशनात उतरलं की डॉक्टर बगला चाचपायचे आणि नाड्या बघायचे. मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. ठाण्याला जायचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, “साथ सरू दे, मग जा.” त्या आधी असं मायेनं बोलत नसत, तरी माझ्या लक्षात आलं नाही. मी रोज त्या पेल्याकडं बघायची. हिरवा पक्का होता.

एका सकाळी मागच्या दाराशी हरबा उभा होता. केस पांढरे झाले होते. कमरेला टोपली. तो ठाण्याहून चालत आलेला, घामानं भिजलेला. मला इतका आनंद झाला, की मी कसा आहेस हेसुद्धा न विचारता आत धावले आणि थंड पाण्याचा तांब्या आणला. “घे, हरबा. काकू कशी आहे?”

त्यानं टोपली खाली ठेवली. तांब्याकडं पाहिलं. घेतला नाही.

मी टोपलीवरचा पेंढा बाजूला केला. धक्का, किल्ला, पिंपळ, पारनाका, तलाव, आणि शेवटी लाल लुगड्यातल्या बाईचं घर. फळी रिकामी झाली होती. प्रत्येक पेला हिरव्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला होता. ते लुगडं मला ओळखता येत होतं, माझ्या कन्यादानाला ती तेच नेसली होती. म्हणजे लाल आलवण तिच्या वाट्याला आलं नाही, ती काकाच्या आधी गेली, एवढंही त्या चिंध्यांनी मला सांगितलं. हरबा टोपली तशीच ठेवून निघून गेला.

मी विहिरीवर गेले. सासूबाई मागून ओरडत आल्या, “अगं, पोटुशी तू, हे काय करतेस? कुणी सांगितलं तुला?” लग्न झालेल्या पुतणीला काकूचं सुतक नाही, शास्त्र तसं सांगतं, त्याही तेच सांगत होत्या. मी पोहरा ओढला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं.

पुष्कळ वर्षं झाली. कल्याणच्या धक्क्याला आता मचवे क्वचित लागतात. तलावाकडचं ते घर पाडून तिथं वखार झाली. पारिजातक कुठं होता ते मला अजून दाखवता येईल, पण दाखवायचं कुणाला? ठाण्याचं घर भाऊबंदांकडं गेलं. मी ते बघायला गेले नाही. बघितलं असतं तर पेल्यावरचं घर माझ्यापुरतंही राहिलं नसतं.

चिंध्या सोडून मी पेले खिडकीत मांडले, त्याच ओळीनं. सूनबाई शेजारी बसून बघत होती. शेवटी ठाण्याचा पेला निघाला. तो तिनं हातात घेतला, पदरानं पुसला.

“हा किती छान आहे. ह्यात तुम्हाला काफी देऊ?”

“दे,” मी म्हटलं. आजवर त्याला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. आजोबा असते तर त्यांच्या भुवया पुन्हा पगडीला टेकल्या असत्या.

काफी आली. वाफेत घर जरा धूसर झालं. मी उजव्या हातानं पेला तोंडाशी नेला आणि चित्र माझ्याकडं आलं. सूनबाई वाकून माझ्या खांद्यावरून बघत होती.

“अगंबाई, दारात कुणीतरी उभं आहे हो. कोण ही?”

“आई,” मी म्हटलं.